२१४ कोटींच्या काठावर

तो आकडा नजरेला पडला तेव्हा मी शोधत होते काही वेगळंच. एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, हळू चालत होती म्हणून टेबलातल्या शेवटच्या दहा ओळी काढून बघत होते. पहिल्याच रकान्यात आयडी, म्हणजे नोंदीचा क्रमांक, होता, १८७ कोटींच्या घरातला. डेटाबेसवर काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यात दोन-चार संख्या कायमच्या बसलेल्या असतात आणि २,१४,७४,८३,६४७ ही त्यातली एक. ३२ बिटांत चिन्हासकट मावणारी ही सगळ्यात मोठी संख्या. त्या रकान्याचा प्रकार बघितला. इंटिजर. म्हणजे ३२ बिट.

क्वेरी तशीच सोडली आणि सीक्वेन्सचा, म्हणजे क्रमाने पुढचा आयडी देणाऱ्या सोयीचा, चालू आकडा काढला: १८७ कोटी ३० लाख. शिल्लक राहिले २७ कोटी ४४ लाख. रोज किती खर्च होतात ते पाहिलं तर ३१ लाख. भागाकार सोपा होता, ८८ दिवस.

८८ दिवसांनी काय झालं असतं, ते सांगण्याआधी आम्ही काय करतो ते सांगते. आमची कंपनी चौघांची. लसी आणि औषधं ठेवायच्या थंड खोल्यांत आमचं छोटं यंत्र बसतं. ते दर मिनिटाला तापमान पाठवतं, आणि तापमान २ ते ८ अंशांच्या बाहेर गेलं की आम्ही तिथल्या जबाबदार माणसाला फोन आणि मेसेज करतो. अशी सुमारे दीड हजार यंत्रं. प्रत्येक नोंदीला एक आयडी. आयडी संपले की नवी नोंद टेबलात शिरणार नाही. नोंद शिरली नाही तर तापमान कळणार नाही, आणि ते कळलं नाही तर फोन जाणार नाही. बाकी साइट उघडत राहील, जुने आलेख दिसत राहतील, पण कंपनी ज्यासाठी आहे ते काम थांबेल.

हा रकाना ३२ बिटांचा का होता, हेही सांगायला हवं. आम्ही २०१८ साली जँगोवर, वेबसाइट बांधायच्या एका तयार चौकटीवर, सुरुवात केली. तेव्हा जँगो प्रत्येक टेबलाला आपणहून जो आयडी लावायचं तो साधा इंटिजर असायचा. २०२१ साली आलेल्या ३.२ आवृत्तीपासून नव्या प्रकल्पांना ६४ बिटांचा आयडी मिळू लागला. रेल्स या तशाच दुसऱ्या चौकटीने हा बदल त्याआधीच, २०१७ च्या ५.१ मध्ये केला होता. आम्ही ३.२ वर गेलो तेव्हा जँगोने प्रत्येक टेबलासाठी एक इशारा छापला की आयडीचा प्रकार तुम्ही ठरवलेला नाही, तो ठरवा. सेटिंग्जमध्ये एक ओळ घालून तो इशारा मीच बंद केला. जुनंच चालू ठेव, असं सांगणारी ओळ. त्या कमिटवर, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीवर, माझं नाव आणि तारीख आहे. त्या वेळी टेबल लहान होतं आणि बदल तासाभराचा होता.

त्या रात्री असं आधी कोणाकोणाचं झालंय ते वाचत बसले. नोव्हेंबर २००६ मध्ये स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या बातम्यांच्या साइटवर प्रतिक्रियांचा आयडी २४ बिटांचा होता. १ कोटी ६७ लाखांवर तो भरला आणि काही तास कोणालाच नवी प्रतिक्रिया टाकता येईना. ८ नोव्हेंबर २०१८ ला बेसकँप या कामं सांभाळायच्या ऑनलाइन सेवेचं नेमकं आमच्यासारखंच झालं. घडामोडी नोंदवणारं टेबल २१४ कोटींना पोचलं आणि जवळजवळ पाच तास लोकांना जुनं फक्त वाचता येत होतं, नवं काही लिहिता येत नव्हतं. झालेलं सगळं त्यांनी उघडपणे लिहून ठेवलं, त्याचा मला फार उपयोग झाला. आयडी संपल्यावर टेबल बदलायला बसलं तर ते बदलून होईपर्यंत दार बंद ठेवावं लागतं, हे तिथून नीट कळलं. आपल्याला बदल आयडी संपण्याआधी करायचा होता आणि दार एक मिनिटही बंद ठेवायचं नव्हतं.

सकाळी भागीदाराला सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न होता, "नवा ग्राहक धरून ८८ की तो सोडून?"

मी नवा ग्राहक विसरलेच होते. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला तो सुरू होणार होता, आणि त्याची यंत्रं आमच्या आजवरच्या सगळ्या यंत्रांएवढी होती. म्हणजे तो सुरू झाला की उरलेले दिवस निम्मे. तो करार मिळवायला भागीदाराने सात महिने घातले होते. मी म्हटलं, पुढे ढकल. तो म्हणाला, ढकलला तर कदाचित मिळणारच नाही, आणि नाही मिळाला तर हा डेटाबेस दुरुस्त करायला आपण असू की नाही ते बघ. आवाज दोघांचेही चढले. शेवटी त्यानेच मधला रस्ता काढला: ग्राहकाकडे जाऊन खरं कारण सांगायचं आणि यंत्रं एकदम न जोडता टप्प्याटप्प्याने जोडू द्या असं मागायचं. मला वाटत होतं, आपली मर्यादा आपणच उघडी केली तर माणसं निघून जातात. ते गेले नाहीत. त्यांच्या तांत्रिक प्रमुखाने इतकंच विचारलं, "पहिल्या टप्प्यात किती जोडाल आणि शेवटचा कधी?"

दिवस वाढवायचा आणखी एक मार्ग अनपेक्षितपणे सापडला. ओळी मोजल्या तर टेबलात फक्त १२५ कोटी होत्या आणि आयडी १८७ कोटींवर पोचला होता. मधले ६२ कोटी गेले कुठे? आमच्या यंत्राला पोच मिळाली नाही तर ते तीच नोंद पुन्हा पाठवतं. दुबार नोंद टाळायला आम्ही टाकतानाच पोस्टग्रेसला, म्हणजे आमच्या डेटाबेसला, सांगत होतो की आधीची असेल तर काही करू नकोस. तो खरंच काही करत नाही, पण नोंद आधीची आहे हे कळण्यापूर्वी सीक्वेन्समधून पुढचा आकडा काढून बसलेला असतो. तो आकडा परत जात नाही. नेटवर्क खराब असलेल्या जागी एकच नोंद सहा-सहा वेळा यायची आणि सहाही वेळा एक-एक आकडा जळायचा. टाकण्याआधी ती नोंद आहे का ते तपासायचं, एवढाच बदल केला. अगदी एकाच क्षणी दोनदा आली तरच जुनी सोय वापरली जाणार. रोजचा खर्च ३१ लाखांवरून २१ लाखांवर आला. हा बदल आठवड्याच्या आत चालू झाला आणि मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

आता मुख्य काम. सरळ उपाय एका ओळीचा आहे, रकान्याचा प्रकार बिगइंट, म्हणजे ६४ बिटांचा, करा. पण ३२ बिटांवरून ६४ वर जाताना पोस्टग्रेस पूर्ण टेबल नव्याने लिहितो आणि तोवर त्या टेबलाला पूर्ण कुलूप असतं, वाचायलाही मिळत नाही. बॅकअपवरून उभ्या केलेल्या वेगळ्या मशीनवर मी ते करून पाहिलं, ५ तास ४० मिनिटं लागली. आमचं यंत्र स्वतःच्या मेमरीत चार तासांच्या नोंदी धरून ठेवतं. आणि धरल्या काय, सोडल्या काय, ते पाच तास अलर्ट बंदच. हा मार्ग तिथेच मिटला.

यूयूआयडीवर, म्हणजे कुठेही बनवला तरी दुबार न येणाऱ्या लांब आयडीवर, जावं का, याची चर्चाही झाली. यूयूआयडीची सातवी जात २०२४ मध्ये प्रमाणित झाली आहे. तिच्यात सुरुवातीला वेळ असल्यामुळे नव्या नोंदी इंडेक्सच्या, म्हणजे नोंद लवकर सापडावी म्हणून ठेवलेल्या सूचीच्या, शेवटी जातात, जुन्या यूयूआयडीसारख्या इंडेक्सभर विखुरत नाहीत. नवं काही सुरू करत असते तर विचार केला असता. पण तो १६ बाइटांचा, बिगइंट ८ चा, आणि आमचा आकडा ग्राहकांच्या घरी पोचलेला होता. त्यांना मोठा आकडा घ्या म्हणणं वेगळं आणि आता आकडाच नसेल म्हणणं वेगळं. बिगइंट ठरला. रोज ६२ लाखांच्या वेगाने तो भरायला ४०० कोटी वर्षं लागतील.

अडचणीच्या वेळेसाठी आणखी एक वाट आम्ही लिहून ठेवली. इंटिजर शून्याच्या खालीही तितकाच खोल असतो. सगळं फसलंच तर सीक्वेन्स उणे २१४ कोटींवरून सुरू करायचा, की तितकेच आकडे पुन्हा हातात. काम चालतं, पण मोठा आयडी म्हणजे नवी नोंद असं जिथे जिथे गृहीत धरलंय ते सगळं उलटतं. तो कागद वापरावा लागला नाही, पण तो आहे म्हणून पुढची पावलं शांतपणे टाकता आली.

कामाचा आराखडा असा: त्याच टेबलात शेजारी ६४ बिटांचा नवा, रिकामा रकाना घालायचा. तो क्षणात घालता येतो. मग एक ट्रिगर, की यापुढे येणाऱ्या प्रत्येक नोंदीचा आयडी दोन्ही रकान्यांत लिहिला जाईल. मग जुन्या १२५ कोटी ओळी थोड्या थोड्या करून भरायच्या. शेवटी एका क्षणात दोन रकान्यांची नावं बदलायची.

जुन्या ओळी भरायला एक स्क्रिप्ट लिहिली. एका वेळी १०,००० ओळी, मग थोडं थांबायचं, मग पुढच्या. अशा सव्वा लाख बॅच. खरी काळजी मधल्या थांबण्याची घ्यावी लागते. पोस्टग्रेस ओळ जागच्या जागी बदलत नाही, नवी प्रत लिहितो आणि जुनी मेलेली प्रत तिथेच ठेवतो. ती उचलून जागा मोकळी करायचं काम ऑटोव्हॅक्यूमचं. पण आमच्या आवृत्तीत तो मूळच्या सेटिंगप्रमाणे टेबलाचा पाचवा हिस्सा खराब होईपर्यंत हलत नसे. आमच्या टेबलाचा पाचवा हिस्सा म्हणजे २५ कोटी मेलेल्या ओळी. पहिल्या दिवशी डिस्क भराभर फुगताना पाहिली तेव्हा हे लक्षात आलं. स्क्रिप्ट थांबवली, त्या एका टेबलापुरतं प्रमाण एक टक्क्यावर आणलं, डिस्क वाढवून घेतली आणि मग पुढे गेले. रेप्लिका, म्हणजे डेटाबेसची मागोमाग चालणारी प्रत, मागे पडू लागली की स्क्रिप्ट आपोआप थांबेल असंही केलं. अकरा दिवस ती चालली. रोज सकाळी उठल्यावर आधी तिचा आकडा बघायचा, ही सवयच लागून गेली.

तोवर आमची सहकारी दुसऱ्या शोधात होती: हा आयडी आणखी कुठे कुठे लिहिलेला आहे? अलर्टच्या टेबलात फॉरेन की, म्हणजे या आयडीशी बांधलेला रकाना, होती, ती सगळ्यांना ठाऊक होती. पण फॉरेन की न लावता, नुसता आकडा म्हणून ठेवलेला आयडी शोधायचा कसा? तिने डेटाबेसमधल्या सगळ्या इंटिजर रकान्यांची यादी काढली, आणि प्रत्येकातली सगळ्यात मोठी किंमत किती ते तपासलं. १०० कोटींच्या वर असलेला प्रत्येक रकाना संशयित. त्यात यंत्रांच्या टेबलातला 'शेवटची पाहिलेली नोंद' हा रकाना सापडला, जो चार वर्षांत कोणी उघडून पाहिला नव्हता. रकान्याच्या नावापेक्षा त्यातल्या आकड्यांवर भरवसा ठेवायचा, ही तिची युक्ती मला फार आवडली.

सीक्वेन्सचं एक सांगून ठेवते, कारण इथे बरेच जण अडकतात. पोस्टग्रेस १० पासून सीरियल, म्हणजे आपोआप वाढणाऱ्या, रकान्याबरोबर बनणारा सीक्वेन्सही इंटिजरच असतो. रकाना ६४ बिटांचा केला आणि सीक्वेन्स तसाच ठेवला, तर त्याच २१४ कोटींवर तो पुढचा आकडा द्यायला नकार देतो. हे आम्हाला रंगीत तालमीत कळलं.

ती तालीम हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता, आणि तिच्यातच आमची सगळ्यात मोठी चूकही होती. पण ते पुढे येईलच.

तालीम म्हणजे काय केलं, तर वेगळ्या मशीनवर आमची पूर्ण व्यवस्था उभी केली, नवा रकाना जागेवर आणला, आणि सीक्वेन्स मुद्दाम २१४ कोटींच्या काठाशी, मर्यादेच्या पन्नास आकडे अलीकडे नेऊन ठेवला. मग टेबलावरची चाचणीची सहा यंत्रं सुरू केली आणि आठ-नऊ मिनिटं वाट बघितली. आधी सीक्वेन्स अडला. तो सुधारून पुन्हा सुरू केलं, तर अँड्रॉइड अ‍ॅप उघडताक्षणी बंद पडू लागलं. ते ज्या भाषेत लिहिलंय त्या कॉटलिनमधला इंट ३२ बिटांचाच असतो, आणि सर्व्हरकडून आलेला आकडा त्यात मावेना. आयफोनवरचं अ‍ॅप मात्र शांतपणे चालत होतं, कारण त्याच्या स्विफ्ट भाषेतला इंट आजच्या फोनांवर ६४ बिटांचा आहे.

नवं अ‍ॅप दोन दिवसांत तयार झालं. पण लोक अ‍ॅप अपडेट करत नाहीत. काही फोन दोन-दोन वर्षं जुन्या आवृत्तीवर होते, आणि ते औषधाच्या खोलीबाहेर भिंतीला टांगलेले फोन, त्यांना हात लावायला कोणी जात नाही. त्यावर आमच्या अ‍ॅपवाल्या सहकाऱ्याने काढलेला तोडगा इतका नेटका होता की मी तो सगळ्यांना सांगत असते. जुनं अ‍ॅप आयडीचा उपयोग फक्त ही नोंद आधी आलीय का ते ओळखायला करतं, लहान-मोठं बघत नाही. मग जुन्या आवृत्तीला आयडी देताना, तो मर्यादेपलीकडचा असेल तर त्यातून ४,२९,४९,६७,२९६ वजा करायचे. येणारा आकडा ऋण असतो आणि ३२ बिटांत बरोबर मावतो. अ‍ॅपने तो परत पाठवला की तितकेच मिळवायचे. ४२९ कोटींपर्यंत कोणतेही दोन आयडी एकमेकांवर पडत नाहीत. भिंतीवरच्या फोनांना काही कळलंच नाही.

मग ग्राहकांकडे गेलेले आकडे. आमच्याकडून नोंदी ओढून स्वतःच्या डेटाबेसात ठेवणारे २३ ग्राहक होते. त्यांचे रकाने आम्हाला दिसत नाहीत. प्रत्येकाला पत्र लिहिलं, तारीख दिली, काय तपासायचं ते सांगितलं, आणि मोठ्या आयडीची खोटी नोंद देणारा चाचणीचा पत्ता दिला. निम्म्यांहून जास्त जणांनी दोन दिवसांत ठीक आहे म्हणून कळवलं. राहिलेल्यांना मी फोन करत बसले. हे काम मी दुसऱ्या कोणावर टाकलं नाही. एका ठिकाणी ज्या माणसाने ते टेबल बनवलं तो केव्हाच सोडून गेला होता आणि पासवर्ड कुणाकडेच नव्हता. दुसऱ्या ठिकाणी साठा सांभाळणारे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, आम्ही तो नंबर छापील फॉर्मवर लिहितो. दहा चौकटी आहेत. पुरतील ना?" पुरणार होत्या. ९९९ कोटींपर्यंत पुरतील, असं मी त्यांना मोजून सांगितलं, आणि त्यांनी ते लिहून घेतलं. असा प्रश्न विचारणारा माणूस त्या २३ जणांत एकच होता.

हे फोन करताना मला उमगत गेलं की डेटाबेस हा या कामातला सोपा भाग आहे. तो आपल्या ताब्यात असतो, आपण विचारलं की खरं सांगतो. आपण एकदा बाहेर दिलेला आकडा मात्र कुठे कुठे जाऊन बसलाय, कोणत्या चौकटीत, कोणाच्या भरवशावर, हे शोधायला माणसांशीच बोलावं लागतं.

नावं बदलायची रात्र आली. तयारी पूर्ण होती: नव्या रकान्यावर युनिक, म्हणजे दुबार आकडा होऊ न देणारा, इंडेक्स काम न थांबवता बांधून झाला होता, त्यात एकही जागा रिकामी नाही ही अट आधीच तपासून घेतली होती. तशी तपासलेली अट असली की पोस्टग्रेस १२ पासून नॉट नल, म्हणजे रिकामं चालणार नाही ही सक्ती, लावताना पूर्ण टेबल पुन्हा वाचलं जात नाही. उरलं होतं ते क्षणभराचं कुलूप. आम्ही लॉक टाइमआउट, म्हणजे कुलपासाठी थांबायची मुदत, दोन सेकंदांवर ठेवला होता आणि त्यानेच वाचवलं. पहिल्या रात्री कुणाचा तरी लांबलचक अहवाल तेच टेबल वाचत होता. आमची आज्ञा त्याच्यामागे रांगेत उभी राहिली, आणि अशा आज्ञेच्या मागे बाकी सगळ्या नोंदीही रांगेत अडकतात. दोन सेकंदांनी ती आपणहून मागे फिरली. दहा वेळा प्रयत्न करून आम्ही उठलो.

दुसऱ्या रात्री अहवाल बंद ठेवले, तरी कुलूप मिळेना. या वेळी टेबलावर व्हॅक्यूम चालू होता. साधा ऑटोव्हॅक्यूम आपली आज्ञा आली की बाजूला होतो. पण हा रॅपअराउंड टाळणारा होता, तो होत नाही. पोस्टग्रेसच्या व्यवहारांचे क्रमांक स्वतः ३२ बिटांचेच आहेत आणि ते संपू नयेत म्हणून तो जुन्या ओळी गोठवत फिरतो. ज्या दुखण्यावर आम्ही औषध करत होतो त्याच दुखण्याचा पहारेकरी दारात उभा होता. त्याला काढणं चूक ठरलं असतं. त्याचं काम होऊ दिलं, आणि तिसऱ्या रात्री पहिल्याच प्रयत्नात कुलूप मिळालं. नावं बदलली, सीक्वेन्स नव्या रकान्याला बांधला, प्रायमरी की, म्हणजे टेबलाची मुख्य ओळख, त्यावर लावली. सगळं मिळून अर्ध्या सेकंदाच्या आत. त्या मिनिटाच्या एकूण एक नोंदी आल्या होत्या. तो दिवस ५२ वा होता.

८८ व्या दिवशी, दुपारी, आयडी २१४ कोटी ७४ लाखांच्या पलीकडे गेला. आम्ही चौघंही स्क्रीनसमोर होतो. आकडा ओलांडला, नोंदी येत राहिल्या, आलेख हलत राहिले, भिंतीवरचे फोन चालू. भागीदाराने माझ्या पाठीवर थाप मारली.

पंधरा मिनिटांनी सहकारी म्हणाली, "अलर्ट येत नाहीयेत."

एरवी दर तीन-चार मिनिटांनी एखादा तरी येतो. कुठे दार उघडं राहतं, कुठे नवा माल आत जातो. पंधरा मिनिटं एकही नाही, हे शक्य नव्हतं. शोधायला आणि दुरुस्त करायला मिळून चाळीस मिनिटं गेली. नोंद घेणारी सेवा गो भाषेत आहे. ती अलर्टच्या सेवेला एक निरोप पाठवते, आणि त्या निरोपात आयडीचं घर ३२ बिटांचं होतं. गोमध्ये मोठा आकडा लहान घरात कोंबला तर चूक दाखवली जात नाही, वरचे बिट गुपचूप कापले जातात. अलर्टच्या सेवेला ऋण आयडी मिळत होता. त्या आयडीची नोंद ती डेटाबेसात शोधायची, नोंद सापडायची नाही, आणि 'नोंद मिळाली नाही' अशी एक ओळ लिहून ती पुढच्या कामाला लागायची.

तालमीत हे का दिसलं नाही? कारण टेबलावरची सहाही यंत्रं पूर्ण वेळ ५ अंश सांगत होती. अलर्टची वाट तालमीत चालली गेलीच नव्हती. ज्या एका कामासाठी कंपनी उभी आहे, तेवढंच आमच्याकडून तपासायचं राहिलं होतं.

अलर्ट बंद होते तेवढ्या वेळात कोणत्या खोल्या मर्यादेबाहेर गेल्या, ते नोंदींवरून काढलं. अकरा. चौघांनी वाटून घेतल्या आणि फोन लावले. माझ्या वाट्याला आलेल्या एका लसीकरण केंद्रात खोली ११ अंशांवर होती. फोन तिथल्या मुख्य परिचारिकेने उचलला. मी तापमान सांगितलं. त्यांनी तिथूनच कुणाला तरी हाक मारून लसी दुसऱ्या फ्रिजमध्ये हलवायला सांगितल्या, मग मला विचारलं,

"कधीपासून?"

"२६ मिनिटं झाली."

"मग तुम्ही आत्ता का फोन करताय?"

मी सांगितलं. आमच्या प्रणालीत आमच्याच चुकीने अलर्ट अडले होते, आता सुरू झालेत, दोष यंत्राचा नाही आणि तुमच्या लोकांचाही नाही. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हे मला लेखी द्या. वेळेसकट. आणि याआधी असं कधी झालेलं नाही, हे तुम्हाला कसं माहीत, तेही लिहा."

लेखी तासाभरात दिलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या रात्री आम्ही 'नोंद मिळाली नाही' ही ओळ जपून ठेवलेल्या सगळ्या लॉगमध्ये शोधली. मला वाटलं होतं फक्त आजच्याच सापडतील. मागच्या वर्षभरात आणखी नऊ सापडल्या. अलर्टची सेवा रेप्लिकावरून वाचायची. रेप्लिका दोन सेकंद मागे असली की नुकतीच टाकलेली नोंद तिथे अजून आलेली नसायची, आणि तो अलर्ट गळायचा. पुढच्या मिनिटाला पुढची नोंद यायची आणि तिचा अलर्ट जायचा, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. नऊच्या नऊ वेळा फोन एक मिनिट उशिरा गेला होता.

सकाळी बाईंना पुन्हा फोन केला आणि हे सगळं सांगितलं. त्यांच्या केंद्राचा त्यात एक दिवस होता, तोही तारखेसह सांगितला. त्यांनी ती तारीख त्यांच्या रजिस्टरमध्ये बघून घेतली. त्या दिवशीची नोंद ७ वाजून १२ मिनिटांची आहे, असं म्हणाल्या. आमच्या लॉगशी ती जुळत होती.

निरोपातलं घर ६४ बिटांचं झालं. अलर्टची सेवा आता डेटाबेसात काही शोधत नाही, तापमान आणि वेळ निरोपातच येतात. आणि टेबलावरच्या सहा यंत्रांपैकी एक आता कायम १२ अंश सांगतं. त्याचा अलर्ट खऱ्या ग्राहकाच्याच वाटेने दर पंधरा मिनिटांनी आमच्यापैकी त्या आठवड्यात जागं राहायची पाळी असलेल्याच्या फोनवर येतो. काल पाळी माझी होती. रात्री तीन वाजता एकदा तो सोळाव्या मिनिटाला वाजला, तेव्हा मी लॅपटॉप उघडून बसलेच होते.